मानोऱ्याची पिन, लंडनचा बोर्ड

राजे-रजवाड्यांचा इतिहास आपण नेहमीच ऐकतो. आज जरा भिंतीतल्या तीन भोकांचा ऐकू.

कामासाठी मी पहिल्यांदा लंडनला गेलो, तेव्हाची गोष्ट. हॉटेलवर पोचलो तर मोबाइल चार टक्क्यांवर. इकडे मानोऱ्यात रात्रीचे दोन वाजलेले, आणि ‘पोचलो’ असा फोन आल्याशिवाय आजी झोपणार नाही हे पक्कं माहीत. चार्जर काढले, तर बोर्डाची भोकं चौकोनी आणि माझ्या पिना गोल. खाली रिसेप्शनवर गेलो. तिथल्या वयस्कर गृहस्थांनी ड्रॉवरमधून ॲडॉप्टर काढून दिला. लॅपटॉपची थ्री-पिन हातात घेऊन म्हणाले, “ही तर आमची जुनी पिन. माझ्या आजीच्या घरी अशीच होती.”

माझ्या आजीशी बोलणं झालं, पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. मग शोधत बसलो.

वीज घरात आली ती दिव्यासाठी. एडिसननं १८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर वीजकेंद्र सुरू केलं, ते साधारण ११० व्होल्टचं, कारण तेव्हाच्या बल्बला तेवढंच मानवायचं. भिंतीत सॉकेट नव्हतेच. पंखा लावायचा तर बल्ब काढा आणि होल्डरमध्ये जोडा. आपल्याकडे होल्डरला लावायची टू-पिन अजून मिळते ना, ती त्याच युक्तीची नातेवाईक!

पुढे युरोप २२० व्होल्टकडे गेला. व्होल्टेज दुप्पट केलं की तेवढ्याच कामाला करंट निम्मा लागतो आणि तांब्याची तार बारीक चालते. अमेरिकेत तोवर घराघरात जुन्या व्होल्टेजची उपकरणं बसली होती. ती कोण बदलणार? म्हणून तिथं आजही १२० व्होल्ट. पिनांचंही तसंच झालं. ज्यानं त्यानं आपापली केली आणि आज जगात पंधराएक प्रकार आहेत.

आता आपली पिन. ब्रिटनचं ‘बीएस ५४६’ हे मानक १९३४ चं. तीन गोल पिना, त्यात ५ अँपिअरची लहान आणि १५ ची मोठी. राज्य त्यांचं, म्हणून इथल्या भिंतीतही तीच बसली. मग दुसरं महायुद्ध आलं. तांब्याची टंचाई आणि बॉम्बनं पडलेली घरं पुन्हा बांधायची. त्यासाठी नेमलेल्या समितीत कॅरोलिन हॅस्लेट या एकट्याच बाई होत्या. लहान मुलं भोकात काहीबाही घालतात, म्हणून सॉकेटला आतून झडप हवी, यावर त्यांचा भर होता. तांबं वाचवायला घरभर एकच तार गोल फिरवायची आणि प्रत्येक प्लगमध्ये वेगळा फ्यूज द्यायचा, असं ठरलं. नवं मानक ‘बीएस १३६३’ आलं १९४७ मध्ये.

साल बघा. इंग्रज इथून गेले त्याच साली त्यांनी ती पिन स्वतःच्या घरातूनही काढायला घेतली. आपण मात्र ठेवली. आपलं ‘आयएस १२९३’ त्याच घराण्यातलं, फक्त ५ आणि १५ चे ६ आणि १६ अँपिअर झाले.

पण दोन्हीत एक गोष्ट सारखी आहे. वरची पिन सगळ्यात लांब. ती अर्थिंगची. आत जाताना ती सगळ्यात आधी लागते, निघताना सगळ्यात शेवटी सुटते. उपकरणाच्या पत्र्यात करंट उतरला तर तो तिच्यातून जमिनीत जातो आणि फ्यूज उडतो.

विदर्भात हे कूलरवर शिकायला मिळतं. पत्र्याची बॉडी, आत पाणी, खाली ओली फरशी. मी सातवीत असताना आमच्या कूलरला टू-पिन होती. काका पाणी भरायला गेले आणि करंट लागून मागं फेकले गेले. नशीब, चिकटले नाहीत. दर उन्हाळ्यात कुठल्या ना कुठल्या गावात कुणीतरी चिकटतंच.

लंडनला बरेच जण वरच्या भोकात पेन घालून झडप उघडतात आणि आपली टू-पिन कोंबतात. त्या रात्री ॲडॉप्टर मिळाला नसता तर मीही तेच केलं असतं. म्हणजे हॅस्लेटबाईंनी पोरांसाठी लावून घेतलेली झडप मी इंजिनिअर होऊन पेनानं उघडली असती!

सगळ्या जगाला एकच पिन असावी म्हणून १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक निघालं. दक्षिण आफ्रिका आणि ब्राझील सोडले तर फारसं कुणी मनावर घेतलं नाही. चार्जरचं मात्र जमतंय. युरोपात २०२४ च्या अखेरीपासून नव्या मोबाइलला यूएसबी-सी सक्तीचं आहे.

परदेशी निघालात तर चार्जरवरची बारीक अक्षरं वाचा. ‘१००–२४० व्होल्ट’ लिहिलं असेल तर फक्त पिन बदलायची. मिक्सर आणि इस्त्रीचं तसं नाही. ॲडॉप्टर आकार बदलतो, व्होल्टेज नाही, आणि स्वस्तातल्या बऱ्याच ॲडॉप्टरना अर्थिंगच नसतं.

परत आल्यावर मी मानोऱ्यात वायरमनला बोलावलं. अंगणात खड्डा केला, अर्थिंग नवीन घातलं, कूलरला थ्री-पिन लावली. आजी म्हणाली, “एवढ्यासाठी लंडनले जा लागलं का रे?”

तुम्ही जाऊ नका. माळ्यावरचा कूलर खाली काढाल, त्या दिवशी आधी अर्थिंग तपासून घ्या. भेटू पुढच्या भागात.