शेजवानची कुळी, तिरफळाची भावकी

पणजीला मांडवीच्या पात्रात कॅसिनोच्या बोटी नांगरून उभ्या असतात. तिकिटातच जेवण धरलेलं असतं आणि त्या बुफेत एक कोपरा 'एशियन' म्हणून मांडलेला असतो: शेजवान नूडल्स, मंचुरियन, चिली पनीर. त्याच वेळी काठावर, पणजीच्या एखाद्या घरात बांगड्याची आमटी उकळत असते आणि तिच्यात ठेचलेली तिरफळं पडलेली असतात. माझं म्हणणं असं आहे, की ज्या सेचुआन प्रांताचं नाव बोटीवरच्या ताटाला लावलंय, त्या प्रांताची चव त्या ताटात नाही. ती काठावरच्या आमटीत आहे.

कारेगावात बसून मला हे सुचायचं कारण साधं आहे. आमचं गाव रांजणगाव एमआयडीसीला चिकटलेलं. कोरियन आणि चिनी कंपन्यांचे फ्रिज, टीव्ही इथल्या शेडमधून बाहेर पडतात, आणि दुसरी पाळी सुटली की नगर रोडच्या कडेला चायनीजच्या गाड्यांवर गर्दी होते. दिवाळीचा बोनस हातात पडला की हीच पोरं गोव्याला जातात, एक रात्र कॅसिनोत काढतात आणि परत आल्यावर जिंकल्या-हरल्यापेक्षा जेवणाचंच जास्त सांगतात. "तिथलं शेजवान आपल्या गाडीसारखंच लागतं," हे मी त्यांच्याकडूनच ऐकलं. पंचतारांकित थाटाच्या बोटीवर आणि कारेगावच्या रस्त्यावर एकच चव कशी, या प्रश्नामागे मी लागलो.

कॅसिनोचं आधी उरकून घेतो. महाराष्ट्रात कॅसिनोचा कायदा १९७६ सालीच झाला होता, पण तो कधी अमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये रद्दही झाला. गोव्याचा जुगारबंदीचा कायदाही १९७६ चाच. त्यात १९९२ च्या दुरुस्तीनं पंचतारांकित हॉटेलांत जुगाराच्या यंत्रांना वाट मिळाली आणि १९९६ च्या दुरुस्तीनं पाण्यावरच्या जहाजांना. मकाव आणि लास व्हेगासच्या कॅसिनोंत नूडल्सची दुकानं असतात ती पूर्व आशियातल्या खेळाडूंसाठी. गोव्यातला खेळाडू दिल्लीचा, सुरतेचा, पुण्याचा. म्हणून इथल्या 'एशियन'चा अर्थ मुंबई-कलकत्त्यात घडलेलं चायनीज एवढाच उरतो. (कॅसिनोंत 'किनो' नावाचा आकड्यांचा खेळ असतो. तो मात्र अस्सल चिनी कुळीचा. मुळात ती चिनी लिपीतल्या ८० अक्षरांची सोडत होती. चिनी मजुरांबरोबर ती अमेरिकेत गेली आणि तिथं अक्षरांचे आकडे झाले.)

भारतातल्या चायनीजचा पूर्वार्ध सर्वांना ठाऊक आहे: अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याजवळ आलेली चिनी वस्ती, टांग्राची हाक्का मंडळी, आणि १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वांग यांनी केलेलं चिकन मंचुरियन. शेजवानची पायवाट याहून वेगळी आहे. १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात 'गोल्डन ड्रॅगन' सुरू झालं. सेचुआनी जेवण भारतात आणणारं पहिलं उपाहारगृह म्हणून त्याचं नाव घेतात आणि श्रेय ताजच्या कमेलिया पंजाबी यांना देतात. १९६२ च्या भारत-चीन युद्धानंतर भारतातल्या हजारो चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत डांबलं होतं. दोन्ही देशांत पुन्हा राजदूत नेमले गेले ते १९७६ साली. म्हणजे दोन्हीकडे राजदूत नसतानाच सेचुआन मुंबईच्या मेनूकार्डावर येऊन बसला. निक्सन १९७२ साली चीनला जाऊन आल्यावर न्यूयॉर्कमध्ये सेचुआनी जेवणाची लाट उसळली होती. तीच लाट हाँगकाँगमार्गे आपल्याकडे वळली असावी, असा माझा तर्क आहे.

आता नावाचा गुंता. इंग्रजीतलं जुनं स्पेलिंग एस-झेड-ई-सी-एच असं सुरू होतं. भारतातल्या मेनूकार्डांवर मात्र एस-सी-एच-ई-झेड. जगात इतरत्र हा क्रम सहसा दिसत नाही. काहींच्या मते कँटोनी लोक या प्रांताला 'सेइछ्यून'च्या जवळपास काहीतरी म्हणतात, त्याचंच हे रूप. मला ते पटत नाही, कारण त्या उच्चारात 'ज' कुठेच नाही. दुसरा पक्ष छापखान्याच्या चुकीवर बोट ठेवतो. मी त्याच पक्षाचा, पण ती नुसती चूक होती असं मला वाटत नाही. एस-झेडनं सुरू होणारा शब्द आपल्याकडे कुणी पाहिलेलाच नव्हता. एस-सी-एचनं सुरू होणारे मात्र रोजच्या वापरातले: स्कूल, स्कीम, शेड्यूल. जुळारी असो की पाटी रंगवणारा, हात ओळखीच्या वळणावर गेला. आणि शेड्यूलमधला 'शे' तयार होताच. तो उचलला की शेजवान आपोआप येतं.

मूळ सेचुआन या नावाचा 'चार नद्या' असा अर्थ सर्रास सांगतात. तोही नंतर जुळवलेला आहे. सोंग राजवटीत त्या मुलखाचे चार प्रशासकीय विभाग पाडले होते, त्या चार विभागांवरून हे नाव रूढ झालं. नद्या मागाहून मोजल्या गेल्या.

पण हे झालं नावाचं. खरी गोम चवीत आहे. सेचुआनी स्वयंपाकाचा प्राण तिथं 'हुआजिआओ' नावाच्या फळात असतो. मिरचीसारखं ते भाजत नाही, ओठ-जीभ बधिर करून झिणझिण्या आणतं. लंडनमधल्या संशोधकांनी २०१३ साली दाखवलं, की या फळानं ओठांवर सेकंदाला साधारण ५० कंपनं होत असल्याची जाणीव होते. मिरची तिथं नंतर आली. चीनमध्ये तिची पहिली नोंद १५९१ ची, तीही शोभेचं झाड म्हणून. सेचुआनच्या ताटात ती रुळायला आणखी दीड-दोनशे वर्षं गेली. हुआजिआओ मात्र फार जुनं. हान राजवटीत सम्राज्ञीच्या महालाच्या भिंती हे फळ कालवलेल्या लेपानं लिंपत.

आणि वनस्पतिशास्त्रात या झाडाची प्रजाती कोणती? झँथॉक्सिलम. कोकण-गोव्यात जे तिरफळ, तेफळ किंवा चिरफळ, ते झँथॉक्सिलम रेत्सा. एकाच प्रजातीतली ही सख्खी भावंडं. तिरफळाचं काटेरी खोड, सुकल्यावर उकलणारी साल, आतली काळी कचकचीत बी, लिंबाच्या सालीसारखा वास, सगळं त्याच वळणाचं. लिंबू, बेल, कढीपत्ता हे त्यांचे लांबचे भाऊबंद. तिरफळाचा त्रिफळा चूर्णाशी मात्र काही संबंध नाही. नाव 'त्रि'वरून आलं असं अनेक जण म्हणतात, पण मला 'चिरफळ' हेच जुनं रूप वाटतं. चिरलेलं फळ. सुकलेलं तिरफळ तोंड वासून पडलेलं असतं, ते एकदा पाहिलं की दुसरी व्युत्पत्ती शोधावीशी वाटत नाही.

मग प्रश्न असा, की मुंबईत, कोकणी माणसाच्या शहरात, सेचुआनी म्हणून जी चटणी घडली तिच्यात हे का पडलं नाही? गाडीवरचं शेजवान म्हणजे भिजवून वाटलेली लाल मिरची, भरपूर लसूण, आलं, तेल, व्हिनेगर, थोडी साखर, सोया सॉस. झिणझिणी औषधालासुद्धा नाही.

याची तीन उत्तरं ऐकायला मिळतात. एक, जगभर असंच झालं. अमेरिकेत तर १९६८ ते २००५ या फळाच्या आयातीवर बंदी होती, कारण त्याबरोबर लिंबूवर्गीय झाडांचा कँकर रोग येण्याची भीती होती. पण आपल्याला आयातीची गरजच नव्हती, झाड सावंतवाडीत उभं होतं. दोन, गिऱ्हाइकाला बधिरपणा आवडला नसता. हे मला अर्धंच पटतं. पान खाऊन जीभ जड करून घेणारा आपला समाज, त्याला झिणझिण्यांचं वावडं कशाला? तीन, चटणी घडवणारे हात कलकत्त्याच्या हाक्का आचाऱ्यांचे. ही मंडळी मुळात दक्षिण चीनची, त्यांच्याही स्वयंपाकात हुआजिआओला फारशी जागा नाही. यात तथ्य आहे, पण हॉटेलाच्या भटारखान्यात मसाला वाटणारे हात मालवणी असू शकत होते. त्यांनी का नाही सुचवलं?

माझं उत्तर लसणीपाशी थांबतं. सारस्वत घरांत तिरफळाच्या आमटीत सहसा कांदा-लसूण घालत नाहीत. तिरफळ म्हणजे ओलं खोबरं, लाल मिरची, चिंच किंवा कोकम आणि बांगडा. त्याची जागा ठरलेली. शेजवान तर लसणीवरच उभं. ज्याला तिरफळ माहीत होतं, त्याच्या डोक्यात ते लसणीशेजारी बसूच शकत नव्हतं, आणि ज्याला ते बसवता आलं असतं, त्याला तिरफळ माहीत नव्हतं. चीनमध्ये लसूण आणि हुआजिआओ एकाच कढईत सुखानं नांदतात. आपल्याकडे सोवळ्याची रेघ आडवी आली. याला कागदोपत्री पुरावा नाही, पण बाकीच्या तिन्ही उत्तरांनी जे उलगडत नाही ते यानं उलगडतं.

या भावकीतलं तिसरं घर तर आमच्या गाड्यांवरच हजर आहे. नगर रोडच्या गाड्यांवर कढई हलवणारे पुष्कळदा नेपाळचे असतात. त्यांच्याकडे टिमुर नावाचं फळ असतं, तेही झँथॉक्सिलम. मोमोच्या चटणीत घालतात. आयुर्वेदात त्यालाच तुंबरू म्हणतात. एका गाडीवरच्या भाऊंना मी तिरफळाची पुडी दाखवली. त्यांनी एक साल चुरगळली, वास घेतला आणि लगेच म्हणाले, "दादा, ये तो टिमुर है, थोडा बड़ा है." शेजवानमध्ये कधी घातलंय का, विचारलं तर हसले. चायनीजमध्ये टिमुर कोण घालतं?

मी घालतो. कारेगावात तिरफळं मिळत नाहीत. दादरला कोकणी सामानाच्या दुकानात मिळतात, नाहीतर सावंतवाडीहून कुणाबरोबर मागवावी लागतात. काळी बी झाडून काढून टाकायची, ती दाताखाली वाळूसारखी लागते. साल लोखंडी तव्यावर मंद आचेवर वास सुटेपर्यंत भाजायची, जळाली तर कडू होते. खलात जाडसर कुटायची. एका वाटी शेजवान चटणीला पाव चमचा पुरते, आणि ती घालायची गॅस बंद केल्यावर, कारण उकळत्या तेलात लिंबाचा वास उडून जातो. मुरायला एक रात्र द्यावी.