कृष्ण विवरातील अवकाश व काल : संकल्पनेचा इतिहास

ज्याच्या गुरुत्वाकर्षणातून प्रकाशही निसटू शकत नाही, अशा खस्थ पदार्थाला कृष्ण विवर म्हणतात. जॉन मिचेल (१७८३) व लाप्लास (१७९६) यांनी अशा ताऱ्यांची कल्पना मांडली होती. परंतु ती न्यूटन यांच्या सिद्धांतावर आधारलेली असल्याने तीत अवकाश व काल अबाधितच राहत. खरा प्रश्न १९१६ मध्ये उद्‌भवला.

कार्ल श्व्हार्ट्‌सशिल्ट (१८७३–१९१६) यांनी पहिल्या महायुद्धात रशियन आघाडीवर असताना आइन्स्टाइन यांच्या समीकरणांचा गोलाकार वस्तुमानासाठी अचूक निर्वाह (उत्तर) काढला. एका विशिष्ट त्रिज्येपाशी (सूर्याच्या वस्तुमानासाठी सु. ३ किमी., पृथ्वीच्या वस्तुमानासाठी सु. ९ मिमी.) त्यातील एक पद शून्य व दुसरे अनंत होते. या त्रिज्येच्या ४/३ पट अंतरावर स्थिर ठेवलेले घड्याळ दूरच्या घड्याळाच्या निम्म्या गतीने चालते. जवळ जावे तसे ते आणखी मंद होते. त्या त्रिज्येवर अवकाश-कालच संपतो, असा समज पुढे बराच काळ टिकला.

हा दोष सहनिर्देशकांचा आहे, अवकाश-कालाचा नव्हे, हे झॉर्झ लमेत्र यांनी १९३३ मध्ये दाखविले. ध्रुवावर रेखांश ठरविता येत नाही, म्हणून काही तेथे पृथ्वीचा पृष्ठभाग फाटलेला नसतो. पण या विवेचनाकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. असे पदार्थ निसर्गात असू शकत नाहीत, असे स्वतः आइन्स्टाइन यांनी १९३९ मध्ये प्रतिपादले. त्याच वर्षी ओपेनहायमर व स्नायडर यांनी ताऱ्याच्या अवपाताचे (स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने कोसळण्याचे) गणित केले. दूरच्या निरीक्षकाला हा अवपात मंदावत जाऊन कधीच पूर्ण न होणारा दिसतो व ताऱ्याचा प्रकाश तांबडा व क्षीण होत जातो. पृष्ठभागाबरोबर कोसळणारे घड्याळ मात्र मर्यादित काळात ती सीमा ओलांडते. दोन्ही वर्णने खरी आहेत, हे पचनी पडण्यास सुमारे दोन दशके लागली. रशियन शास्त्रज्ञांनी रूढ केलेल्या 'गोठलेला तारा' या नावाने गोंधळात भरच घातली, असे म्हणावे लागते. ही सीमा म्हणजे एकमार्गी पडदा आहे, हे डेव्हिड फिंकेलस्टाइन यांनी १९५८ मध्ये स्पष्ट केले. मार्टिन क्रुस्कल व जॉर्ज सेकेरेश यांनी स्वतंत्रपणे १९६० मध्ये सीमेच्या दोन्ही बाजूंना चालणारे सहनिर्देशक दिले.

सीमेच्या आत त्रिज्येची दिशा कालाची भूमिका घेते. केंद्र हे तेथे पुढे असलेले स्थान नसून येऊ घातलेला क्षण असतो. म्हणूनच ते टाळता येत नाही. सूर्याच्या दहापट वस्तुमानाच्या, परिवलन नसलेल्या विवरात हा अवधी फार तर सु. ०·०००१५ सेकंद असतो व कोणत्याही अग्निबाणाच्या साहाय्याने तो याहून वाढविता येत नाही. गोलाकार सममिती गृहीत न धरताही असा शेवट अटळ ठरतो, हे रॉजर पेनरोझ यांनी १९६५ मध्ये सिद्ध केले. अमलकुमार रायचौधुरी यांचे १९५५ मधील समीकरण या विचारसरणीच्या मुळाशी आहे. परिवलन करणारे विवर भोवतालच्या अवकाशालाही आपल्याबरोबर ओढत नेते, हे रॉय केर यांच्या निर्वाहातून (१९६३) निष्पन्न झाले.

आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातील सु. ४३ लक्ष सूर्यांइतक्या वस्तुमानाच्या पदार्थाजवळून 'एस २' हा तारा २०१८ च्या मे महिन्यात गेला, तेव्हा त्याच्या प्रकाशात सापेक्षता सिद्धांतानुसार अपेक्षित असलेली गुरुत्वीय ताम्रच्युती आढळली.