गवंड्याचे गुपित

दिवाळी तोंडावर आली, की घरात कुठेतरी गिलाव्याचे काम निघतेच. यंदा आमच्या जुन्या घराच्या ओट्यालगतची भिंत खपलली आणि मिस्त्री आले. बरोबर अठरा-एकोणीस वर्षांचा एक पोरगा. कालपर्यंत घमेली वाहणारा बिगारी. आज त्याच्या हाती प्रथमच थापी आली होती. हात थरथरत होता. "अरे, दाबू नकोस, माल फेक!" मिस्त्री ओरडले. शालान्त परीक्षेनंतरच्या सुट्टीत मीही बिगारीचे काम केले. थापीपर्यंत काही पोहोचलो नाही, म्हणून खडू हाती आला! त्या पोराकडे पाहता पाहता मला दुसरा एक गवंडी आठवला.

इंग्लंडातल्या लीड्स शहरी टॉमस ॲस्प्डिन नावाचा विटा रचणारा कारागीर होता. त्याचा थोरला मुलगा जोसेफ बापाच्याच धंद्यात शिरला. त्या काळी भिंत उभी राही ती चुन्यावर; आणि साधा चुना पाण्याखाली घट्ट होत नाही, ही गवंड्यांची जुनी डोकेदुखी. एडिस्टनचे दीपगृह बांधताना जॉन स्मीटनला १७५६ च्या सुमारास उमगले होते, की चुनखडीतच माती मिसळलेली असेल तर तिचा चुना पाण्यातही आवळतो. जोसेफ त्याच वाटेने निघाला. चुनखडी भाजायची, मातीत कालवायची, पुन्हा भाजायची, दळायची. पण एवढी चुनखडी आणायची कोठून? लीड्सच्या रस्त्यांवर ती पसरलेली असे. तीच हा पठ्ठ्या उचलून आणी. रस्त्याच्या सबंध फरशाच उखडून नेल्याबद्दल त्याच्यावर दोनदा खटला झाला म्हणतात! अखेर २१ ऑक्टोबर १८२४ रोजी त्याला पेटंट मिळाले. पोर्टलंडच्या दगडासारखा दिसतो म्हणून मालाचे नाव पडले पोर्टलंड सिमेंट.

आजच्या मानाने ते कच्चेच होते. माल अर्धवट वितळेपर्यंत भट्टी तापवून खरे बळकट सिमेंट काढले ते पुढे त्याचा मुलगा विल्यम याने. पण बापलेकांचे पटले नाही. १८४१ मध्ये विल्यम बाहेर पडला आणि त्याच्या कर्जाला आम्ही बांधील नाही, अशी जाहीर सूचनाच बापाने काढली. विल्यमही काही कमी नव्हता. कामगारांना कृती कळू नये म्हणून तो तबकांतून कसल्याशा पुडी आणून भट्टीत टाकल्याचे सोंग करी, असे त्याच्या एका प्रतिस्पर्ध्याने सांगून ठेवले आहे. कारागिरांच्या घरातली विद्या ती. घरातच कोंडून ठेवायची धडपड!

आपल्याकडेही चुन्याचे तेच होते. बैल जुंपलेली घाणी, तीत दळला जाणारा चुना, सुर्खी, कुठे गूळ, कुठे बेलफळ. माल किती दिवस मुरवायचा ते म्हातारा गवंडी बोटांनी चोळून ठरवी. पोराला ती बोटे येईपर्यंत वर्षे जात. मग १९०४ मध्ये मद्रासला सिमेंट करून पाहिले गेले, १९१४ मध्ये पोरबंदरला कारखाना चालू झाला, आणि विद्या गोणीत भरून दाराशी येऊ लागली. एकास सहा रेती, बेताचे पाणी. ज्याचा बाप गवंडी नव्हता, त्यालाही या धंद्याचे दार उघडले. आमच्या अंगणातल्या पोराचा बाप शेतमजूर आहे.

मात्र चुना थांबे, सिमेंट थांबत नाही. पाणी पडल्यावर अर्ध्याएक तासाने ते कधीही आवळू लागते. शिकाऊ पोराला उसंत म्हणून नाही.

दुपारी मिस्त्री भिंतीवर हात फिरवून म्हणाले, "गुरुजी, भिंत चुन्याची आहे. सिमेंट मारतोय खरं, पण ओल आत कोंडेल. दोन-चार वर्षांत पुन्हा खपलणार."

"मग चुनाच लावा ना."

"चुना मला कुठं येतो? माझ्या आज्याला यायचा."

पोरगा परांचीवरून ओरडला, "मिस्त्री, माल आवळतोय!"