डाव्या अंगठ्याची निशाणी

गेल्या पावसाळ्यात आत्याकडे गेलो होतो. सेनगाव तालुक्यातलं तिचं गाव. घर जुनं, माळवदाचं. छत गळायला लागलं म्हणून सामान हलवताना तिची पत्र्याची पेटी उघडली. हिरव्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेले तीन कागद निघाले. पहिला तिच्या सासऱ्यांचा, उर्दूतला, साल १३४० फसली. दुसरा तिचा स्वतःचा, २०११चं बक्षीसपत्र. तिसरं बँकेचं पासबुक. तिन्हींमागे एकच गोष्ट होती, डावा अंगठा. आणि तिन्ही वेळा अंगठा उमटवणाऱ्याचं काहीतरी गेलं होतं.

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. सनावळ्या पाठ करून घेतल्या, पण अंगठ्याचा इतिहास कधी शिकवला नाही. पेटीतल्या या कागदांनी तो शोधायला लावला.

अंगठ्याआधीही निशाण्या होत्या. मराठेशाहीतल्या कागदांवर लिहिता न येणारा कुणबी नांगर काढी, बाई बांगडी काढी. निशाणीवरून माणसाचा धंदा कळे, पण माणूस कळत नसे. नांगर कोणीही काढू शकतो. ती उणीव भरून काढली एका इंग्रज अधिकाऱ्याने. १८५८ मध्ये बंगालमधल्या जंगीपूर इथे विल्यम हर्शेलने खडी पुरवणाऱ्या राज्यधर कोनाई या कंत्राटदाराकडून करारावर हाताचा ठसा घेतला. पुढे १८७७ मध्ये हुगळीला असताना त्याने ही पद्धत तीन ठिकाणी लावली: दस्तनोंदणी, तुरुंग आणि पेन्शन. पेन्शनर मेल्यावरही त्याच्या नावाने दुसराच कोणी येऊन पैसे उचले, त्याला आळा घालायला ठसा उपयोगी पडला. १८९७ मध्ये कलकत्त्याला बोटांच्या ठशांचं कार्यालय निघालं. म्हणजे आज आत्याच्या निराधार पेन्शनसाठी जे यंत्र तिच्यासमोर ठेवलं जातं, त्याचा मूळपुरुष म्हाताऱ्यांच्या पैशाची राखण करायलाच जन्मला होता. राखणदार आणि चोर एकाच दाराने आत येतात, हे हर्शेलच्या हिशेबात नव्हतं.

आमच्या हिंगोलीला मात्र हे आधीच ठाऊक असायला हवं होतं. हिंगोली ही निजामाच्या कंटिंजंट फौजेची छावणी. फिलिप मेडोज टेलर हा निजामाच्या नोकरीतला अधिकारी. त्याचं ठगांवरचं पुस्तक १८३९ मध्ये निघालं. त्याच्या प्रस्तावनेत तो या छावणीतली हकीकत सांगतो. या भागातल्या ठगांचा म्होरक्या हरिसिंग नावाचा इथलाच प्रतिष्ठित व्यापारी होता. खुद्द गोरे साहेब त्याच्याशी देवघेव करत. मुंबईहून कापड आणायचं म्हणून त्याने सरकारकडून रीतसर परवाना घेतला. ते कापड दुसऱ्याच व्यापाऱ्याचं होतं आणि मालक मालासोबत वाटेत होता. हरिसिंगने त्याला आणि त्याच्या माणसांना मारलं, परवाना दाखवत माल हिंगोलीत आणला आणि छावणीच्या बाजारात उघड विकला.

लहानपणी ठग म्हटलं की मला आडरानातला रुमालवाला दिसायचा. ही हकीकत वाचल्यावर बाजारपेठेतली गादी दिसू लागली. फसवणाऱ्याचं खरं हत्यार रुमाल नव्हता. त्याची ओळख, त्याची पत आणि त्याच्या हातातला सरकारी कागद, ही त्याची हत्यारं होती.

आता पहिला कागद. हिंगोलीतल्या एका निवृत्त मौलवीसाहेबांनी तो वाचून दिला. नऊ एकर काळी रान, कर्जापोटी खरेदीखत. शेवटी सासऱ्यांचा अंगठा, शाई पसरलेली. १३४० फसली म्हणजे १९३०-३१. जगभर मंदी आली होती, कापसाचे भाव कोसळले होते. एस. केशव अय्यंगार यांनी हैदराबाद संस्थानातल्या खेड्यांची आर्थिक पाहणी केली ती याच सुमारास, १९२९-३० मध्ये. सरकारदरबारची भाषा उर्दू, शेतकऱ्याची मराठी. लिहिणारा एका भाषेत लिही, अंगठा देणारा दुसऱ्या भाषेत ऐके. मधल्या जागेत नऊ एकर गेली. आत्याच्या सासूच्या तोंडी एवढंच राहिलं होतं की मामंजी गहाण ठेवायला गेले आणि विकून आले.

इंग्रजी मुलखात याच प्रश्नावर आगी लागून गेल्या होत्या. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांना हवे होते ते कर्जरोखे. रोखे हाती आले की ते जाळत. चौकशी आयोग बसला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी केलेल्या या कायद्यात एक साधी गोष्ट होती. शेतकऱ्याचा दस्त सावकाराने लिहायचा नाही; तो ग्रामनिबंधकाच्या देखरेखीखाली लिहिला जाईल, शेतकऱ्याला वाचून, समजावून सांगितला जाईल. कायदा करणाऱ्यांना कळलं होतं की अंगठा खोटा नसतो, खोटं असतं ते अंगठ्याच्या वरचं.

त्याच्याही आधी, १८७२च्या करार कायद्यात, कलम १६ आलं होतं. वय, आजार किंवा मनाच्या-शरीराच्या क्लेशामुळे ज्याची बुद्धी दुबळी झाली आहे, अशा माणसाशी करार करणारा त्याच्यावर वरचढ आहे, असं हे कलम मानतं. असा व्यवहार अन्यायाचा दिसला तर दडपण आणलं नव्हतं हे सिद्ध करण्याचं ओझं वरचढावर पडतं. दीडशे वर्षं हे कलम पुस्तकात आहे. आत्याच्या दुसऱ्या कागदाच्या वेळी ते कोणालाच आठवलं नाही.

ते बक्षीसपत्र आहे. काका वारले, मूलबाळ नाही. उरलेली चार एकर आत्याने चुलत पुतण्याच्या नावे केली. शेवटी नेहमीचा मजकूर: राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून दिलं. पुतण्याने शब्द दिला होता, "काकू, मरेपर्यंत सांभाळतो." तो शब्द कागदावर कुठेच नाही. दोन वर्षं डबा आला, मग बंद झाला.

हा न लिहिलेला शब्द किती महागात पडतो, ते २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ मध्ये दिसतं. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळलं नाही, तर ते हस्तांतरण रद्द ठरवता येतं. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करायचा. पण अट हवी. डिसेंबर २०२२ मध्ये सुदेश छिकारा विरुद्ध रामती देवी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हस्तांतरण अशा अटीवर झालं होतं हे सिद्ध झाल्याशिवाय कलम २३ लागू होत नाही. २ जानेवारी २०२५च्या ऊर्मिला दीक्षित प्रकरणात त्याच न्यायालयाने कायद्याचा हेतू म्हाताऱ्यांच्या बाजूचा आहे, तो उदारपणे वाचावा असं म्हटलं आणि मालमत्तेचा ताबा परत देण्याचा अधिकारही न्यायाधिकरणाला आहे हे मान्य केलं. तिथे मुलाने सांभाळण्याचं लेखी वचन दिलेलं होतं. म्हणून माझं प्रत्येक वाचकाला सांगणं आहे: घरातल्या कोणी म्हाताऱ्याने बक्षीसपत्र करायचं ठरवलं तर 'देणाऱ्याचा मरेपर्यंत सांभाळ करण्याच्या अटीवर' ही एक ओळ दस्तात घालायला लावा.

आत्याला मी हे सगळं सांगितलं, अर्ज करू म्हटलं. ती म्हणाली, "लेकरावर केस करू व्हय? मह्या मयताला खांदा कोण देईल?"

या प्रश्नाला कलम नाही. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाला लुबाडणारा बहुतेकदा असाच, खांदा देणाऱ्यांपैकी असतो. तक्रार केली तर चार एकर कदाचित मिळेल, पण माणूस जाईल, असा तिचा हिशेब. तो चुकीचा आहे असं मला म्हणवत नाही.

तिसरा कागद पासबुकाचा. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला दीड हजार तिच्या खात्यावर येतात. गावातला एक माणूस अंगठ्याच्या यंत्रावर पैसे काढून देतो. आधारची सुरुवात आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी झाली. त्याच आधारवर हे यंत्र चालतं. आत्याचे हात जन्मभर कापूस वेचून, हळद शिजवून झिजलेले. "म्हातारे, अंगठा उमटला नाही, पुन्हा ठेव," असं तो म्हणे. ती पुन्हा ठेवी. मी तालुक्याला जाऊन पासबुक छापून आणलं तर पाच महिन्यांत तीन वेळा एकाच दिवशी दोनदा पैसे निघालेले. पहिला अंगठा उमटला होता. दुसरा त्याच्यासाठी होता.

ही युक्ती एका गावची नाही. २०१८ मध्ये तेलंगणात नोंदणीकृत दस्तांवरचे ठसे उचलून, त्यांचे रबरी अंगठे करून सिमकार्डं चालू केल्याचं प्रकरण उघड झालं. अशाने माणूस घरी बसलेला असतानाही त्याचा अंगठा बाजारात फिरतो. दवाखान्यांचंही तेच. सरकारी आरोग्य योजनेत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात, बिल शासन भरतं. म्हणून रुग्णाच्या कार्डाला आणि ठशाला मोल येतं. महालेखापरीक्षकांच्या २०२३च्या अहवालात आयुष्मान भारत योजनेचे ७,४९,८२० लाभार्थी ९९९९९९९९९९ या एकाच मोबाइल क्रमांकावर नोंदलेले आढळले. मोबाइल क्रमांक पडताळणीसाठी वापरत नाही, असा खुलासा शासनाने केला. पण आधी मृत दाखवलेल्या ३,४४६ रुग्णांच्या उपचारांचीही बिलं दिली गेली होती. हर्शेलच्या हुगळीत मेलेले पेन्शन उचलत होते; दीडशे वर्षांनी ते इस्पितळात दाखल होऊ लागले.

उपाय अगदीच नाहीत असं नाही. आधारचा ठसा कुलूपबंद करून ठेवता येतो, लागेल तेव्हा उघडता येतो. पैसे गेले की लगेच १९३० या क्रमांकावर कळवायचं. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७च्या परिपत्रकानुसार तिसऱ्याच कोणाच्या लबाडीने पैसे गेले आणि बँकेचा निरोप आल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर तोशीस पडत नाही. पण आत्याकडे फोन नाही, निरोप येणार कुठे? तीन दिवसांची मुदत तिला पाच महिन्यांनी कळली. सावकाराने कर्जापोटी लिहून घेतलेली जमीन पंधरा वर्षांच्या आत परत मागण्याची सोय २०१४च्या सावकारी कायद्यात आहे. मामंजींना ती ऐंशी वर्षं उशिरा आली. कायदा येतो, पण बहुधा अंगठा वाळल्यावर येतो.

त्या यंत्रवाल्याकडे मी पासबुक घेऊन गेलो. तो भांडला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी घरी आला, ओट्यावर बसला, सगळे पैसे मोजून दिले. मग खिशातून एक लिहिलेला कागद आणि शाईचा पॅड काढला. "काही नाही आत्या, मिटलं एवढंच लिहिलंय. अंगठा द्या." आत्याने सवयीने हात पुढे केला.

मी कागद मागून घेतला आणि मोठ्याने वाचला. त्यात लिहिलं होतं की सर्व रकमा मी स्वतः मागून घेतल्या, माझी कधीही काही तक्रार नव्हती आणि नाही.

आत्याने हात मागे घेतला. पदराने अंगठा पुसला, त्याला अजून शाई लागलीही नव्हती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पेटीतले ते दोन कागद बी आण रे. ते बी वाचून दाखव."