९ टनांची गाडी, १४ टन कांदा

आजचा एपिसोड माझ्या मामांमुळे सुचला. मामा नाशिकहून कांदा भरून वाशी मार्केटला जायचे. गाडी ९ टनांची, माल १४ टन. कसारा घाट लहान गिअरमध्येच उतरायचा, नुसत्या ब्रेकच्या भरवशावर नाही, हे त्यांनी मला शंभरदा सांगितलंय. जादा वजनाने ब्रेक तापतात आणि तापलेला ब्रेक ऐनवेळी लागत नाही.

मग एवढं भरायचंच कशाला? कारण भाडं टनावर मिळतं. आणि दंड? १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात १९९४ साली दुरुस्ती झाली, तेव्हा ओव्हरलोडला किमान २,००० रुपये आणि जादा टनामागे १,००० रुपये दंड ठरला. म्हणजे मामांच्या ५ टनांना ७,०००. काही राज्यांत तर याहून पुढची गंमत होती. ठरावीक रक्कम भरा, कार्ड घ्या आणि जादा माल बिनधास्त न्या. आपण मोबाईलचा रिचार्ज मारतो ना, अगदी तसं!

९ नोव्हेंबर २००५ ला सर्वोच्च न्यायालयाने हे थांबवलं. न्यायालयाचं म्हणणं सरळ होतं: दंड भरला म्हणून कायदा मोडायची परवानगी मिळत नाही. जादा माल तिथेच उतरवायचा. २०१९ च्या दुरुस्तीत दंड २०,००० आणि टनामागे २,००० झाला. मामांचे ७,००० आता ३०,००० झाले असते. शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलवायचीच नाही, हेही कायद्यात आलं.

पण मधेच, जुलै २०१८ मध्ये, सरकारने मर्यादाच वाढवली. दोन ॲक्सलच्या ट्रकचं मालासकट वजन १६.२ टनांवरून १८.५ टन झालं. रस्ते सुधारले, गाड्या सुधारल्या, वाहतूक स्वस्त व्हावी, अशी कारणं होती. ती खोटी नाहीत. पण हिशोब बघा. अमेरिकेत १९५८ ते १९६० दरम्यान रस्त्यांची मोठी चाचणी झाली. त्यातून कळलं की ॲक्सलवरचं वजन दुप्पट केलं, तर रस्त्याची झीज साधारण १६ पट होते. आपल्याकडे मागच्या ॲक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ झाली. वजन १३ टक्के जास्त, झीज जवळपास ६० टक्के जास्त! तो खड्डा मग तुमच्या-माझ्या बाईकच्या वाट्याला येतो.

मला खटकतं ते वेगळंच. कलम १९४ मध्ये गाडी चालवणाऱ्याबरोबर ती चालवायला लावणाराही दोषी धरलाय. पण काट्यावर उभा असतो ड्रायव्हर. घाटात ब्रेकवर पायही त्याचाच असतो. माल भरायला लावणारा शेठ गोदामातच राहतो.

तुमच्या घरात कुणी ट्रक चालवत असेल, तर त्यांना एक विचारा: माल किती भरायचा, हे ठरवतं कोण? उत्तर मला नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!