उघड्या दाराची गाडी

पहिल्या पावसात बँकेच्या कोपऱ्यावर स्कूटरवरून पडणे हा माझा वार्षिक कार्यक्रम आहे. यंदा तो पार पडला तेव्हा डब्यातली भेंडी रस्त्यावर आणि मी भेंडीवर, अशी एकंदर मांडणी होती. गुडघ्याला हळद लावताना हिने विचारलं, "पण ब्रेक दाबायची एवढी घाई काय होती?" प्रश्न बिनतोड होता. निसरड्या रस्त्यावर माणूस बहुधा ब्रेकनेच पडतो.

मग बर्फाच्या देशात लोक गाडी हाकतात तरी कशी, म्हणून त्या सक्तीच्या रजेत वाचायला बसलो आणि पोचलो थेट १९४१ सालच्या लेनिनग्राडला. बी. कॉम. माणसाचं वाचन असंच. काढायला जावं एक लेजर, हाती यावं भलतंच.

८ सप्टेंबर १९४१ रोजी जर्मन फौजांनी शहराच्या जमिनीवरच्या सगळ्या वाटा तोडल्या. उरलं लाडोगा सरोवर. नोव्हेंबरात तेही गोठू लागलं, बोटी थांबल्या आणि शहर बर्फाच्या जाडीकडे डोळे लावून बसलं. हिशेब ठरलेला होता. मोकळ्या घोड्याला १० सेंटिमीटर बर्फ हवा, टनभर माल ओढणाऱ्या घोड्याला १८ आणि टनभर माल घेतलेल्या ट्रकला २०. इकडे २० नोव्हेंबरपासून कामगाराला दिवसाचा पाव २५० ग्रॅम आणि कारकुनाला १२५. (आमच्या जमातीची किंमत जगात सगळीकडे सारखीच दिसते.) त्या पावातही सगळं पीठ नव्हे, लाकडापासून काढलेला सेल्युलोजसुद्धा मिसळलेला.

२२ नोव्हेंबरला साठेक ट्रक बर्फावर उतरले आणि पलीकडून ३३ टन पीठ घेऊन आले. भागाकार करा! दीड टनी ट्रकमागे जेमतेम साडेपाच क्विंटल. बर्फ पातळ होता, जास्त लादण्याची सोयच नव्हती. शहराला तर रोज ५०० टनांवर पीठ लागे.

बर्फावरचा रस्ता तीसेक किलोमीटरचा. ड्रायव्हर गाडीचं दार उघडं ठेवून चालवत. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, तरीही दार उघडंच, कारण बर्फ फुटला तर उडी मारायला तेवढाच अवधी. झोप लागू नये म्हणून कुणी डोक्यामागे पातेलं टांगून ठेवी, असं सांगतात. डुलकी लागली की टाळक्यात ठण्ण! आमच्या काउंटरवर दुपारी तीननंतर ही सोय करायला हरकत नाही.

पण मला खरं चक्रावलं ते पुढेच. भरलेला ट्रक सुखरूप जाई आणि परतीचा रिकामा, हलका ट्रक मात्र कधी कधी बर्फ फोडून पाण्यात. पावेल कोबेको या भौतिकशास्त्रज्ञाच्या मंडळींनी बर्फ किती वाकतो ते नोंदवणारं यंत्र बसवलं आणि कोडं सुटलं. गाडीच्या भाराने बर्फ किंचित दबतो आणि खालच्या पाण्यात लाट उठते. गाडीचा वेग त्या लाटेच्या वेगाशी जुळला की बर्फ जास्तच हेलकावतो आणि फुटतो. तिथल्या उथळ पाण्यात हा घातकी वेग होता ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास. म्हणजे एकतर सावकाश जा, नाहीतर त्याहून जोरात. मधला मार्ग तेवढा वर्ज्य. जन्मभर मधल्या मार्गाने चाललेल्या माझ्यासारख्याला हे वाचून जरा धक्काच बसला.

२४ एप्रिल १९४२ ला बर्फ वितळला आणि रस्ता बंद झाला. तोवर त्यावरून ३ लाख ६१ हजार टन माल गेला आणि पाच लाखांहून अधिक माणसं बाहेर पडली. तरीही त्या हिवाळ्यात शहरात लाखो लोक उपासमारीने मेलेच.

रात्री ही झोपल्यावर मी स्वयंपाकघरातला वजनकाटा काढून पाव मोजला. १२५ ग्रॅम म्हणजे चार स्लाइस आणि पाचवीचा तुकडा. एवढा पाव तर मी सकाळी पेपर चाळता चाळता संपवतो. ते स्लाइस ताटलीत मांडून बघत बसलो होतो, तेवढ्यात ही पाणी प्यायला उठली.

"भूक लागलीय का?" तिने विचारलं.

मी नाही म्हणालो आणि स्लाइस मोजून परत डब्यात ठेवले. तुकडासुद्धा.