डिझेल गाडीतील ईजीआर: काजळी काढावी, वाट बुजवू नये

माळव्यातील धार आणि देवास ही नावे मराठी वाचकाला आठवतात ती पवारांची संस्थाने म्हणून. देवास तर कुमार गंधर्वांचे गाव म्हणूनही. मोटारव्यवसायातील माणसाच्या डोळ्यांपुढे मात्र या दोन जिल्ह्यांचे वेगळेच चित्र उभे राहते. धार जिल्ह्यातील पीथमपूर येथे व्यापारी वाहने आणि डिझेल इंजिने तयार होतात. देवासच्या औद्योगिक वसाहतींत गिअर आणि टर्बोचार्जर बनतात. पीथमपूरलाच नॅट्रॅक्स हे वाहनचाचणी केंद्र असून तेथील ११.३ किलोमीटर लांबीच्या अतिवेगवान धावपट्टीचे उद्घाटन २९ जून २०२१ रोजी झाले.

नवी गाडी अशा कसोट्यांतून बाहेर पडते आणि ग्राहकाच्या दारात येते. पुढील दहा-पंधरा वर्षे तिची परीक्षा घेतो तो रस्ता, आणि तिची निगा राखतो तो मालक व त्याचा मेकॅनिक. या काळात डिझेल गाडीच्या ज्या भागाविषयी सर्वाधिक गैरसमज आढळतात, तो भाग म्हणजे ईजीआर, अर्थात एक्झॉस्ट गॅस रिसर्क्युलेशन. धार-देवासचा मालक असो वा गोव्याचा, त्याला हा भाग समजून घेणे खिशाच्या दृष्टीनेही हिताचे आहे आणि फुप्फुसाच्या दृष्टीनेही.

ईजीआर नेमके काय करते?

हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो. एरवी तो निष्क्रिय असला, तरी सिलिंडरमधील ज्वलनाचे तापमान फार वाढले की त्याचा प्राणवायूशी संयोग होतो आणि नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात. हे वायू श्वसनमार्गाचा दाह करतात, दम्याचा त्रास वाढवतात आणि उन्हात जमिनीलगतचा ओझोन निर्माण करण्यास हातभार लावतात.

यावर उपाय म्हणून इंजिनातून बाहेर पडलेल्या वायूचा काही भाग पुन्हा आत येणाऱ्या हवेत मिसळला जातो. या वायूत प्राणवायू कमी असतो, शिवाय त्यातील कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ बरीच उष्णता शोषून घेतात. परिणामी ज्वलनाचे कमाल तापमान उतरते आणि नायट्रोजन ऑक्साइडे कमी होतात. किती वायू परत घ्यायचा हे ईजीआर व्हॉल्व्ह ठरवतो आणि त्या व्हॉल्व्हला आज्ञा देतो इंजिनाचा संगणक. गाडी मध्यम वेगाने, हलक्या भाराने चालत असताना व्हॉल्व्ह उघडतो. पूर्ण ताकद लागते तेव्हा तो मिटतो. बहुतेक आधुनिक गाड्यांत वायू थंड करण्यासाठी कुलंटवर चालणारा ईजीआर कुलरही असतो.

भारतात १ एप्रिल २०१७ पासून बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके देशभर लागू झाली. डिझेल मोटारींसाठी नायट्रोजन ऑक्साइडांची मर्यादा या एका टप्प्यात किलोमीटरमागे ०.२५ ग्रॅमवरून ०.०८ ग्रॅमवर आली. एवढी कडक मर्यादा पाळताना ईजीआरवरचा भार वाढला, हे ओघानेच आले.

बिघाड का होतो?

धुरातून येते काजळी, आणि इंजिनाच्या पोटातून ब्रीदर नळीवाटे येतो तेलाचा सूक्ष्म तुषार. इनटेक मॅनिफोल्डमध्ये या दोघांची गाठ पडते आणि डांबरासारखा चिकट काळा थर साचू लागतो. थर वाढला की व्हॉल्व्ह नीट मिटत नाही, नीट उघडत नाही किंवा मध्येच अडकून बसतो.

थर किती वेगाने साचेल हे गाडी कशी वापरली जाते यावर पुष्कळसे अवलंबून असते. समजा, एकाच मॉडेलच्या दोन गाड्या आहेत. एक रोज देवासहून इंदूरला महामार्गाने जाते-येते. तिचे इंजिन पुरेसे तापते आणि एकसारख्या वेगाने चालते. दुसरी धार शहरातच बाजार, शाळा, बँक अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारते आणि मे महिन्याच्या उन्हात एसीसाठी उभ्या उभ्या सुरू ठेवली जाते. दुसऱ्या गाडीचे इंजिन पुरते तापतच नाही. तिच्यात काजळी लवकर साचते. कमी किलोमीटर धावलेली गाडी म्हणजे निरोगी गाडी, हा हिशेब डिझेलच्या बाबतीत नेहमीच खरा ठरत नाही.

त्यात माळव्याच्या काळ्या मातीची धूळ भर घालते. एअर फिल्टर तुंबला किंवा हवा मोजणारा सेन्सर मळला, की संगणकाला हवेचे चुकीचे माप मिळते आणि ईजीआरची मात्राही चुकते.

लक्षणे कशी ओळखावीत?

व्हॉल्व्ह उघडा अडकला तर: इंजिनाला हवेऐवजी धूरच जास्त मिळतो. गाडी खालच्या आरपीएमला ओढत नाही, काळा धूर सोडते, उभी असताना थरथरते, कधी बंद पडते. मायलेज घटते. डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारी गाळणी असलेल्या गाडीत ही गाळणी वारंवार भरते.

व्हॉल्व्ह बंद अडकला तर: चालकाला बहुधा काहीच जाणवत नाही. कधी इंजिनाचा ठोका किंचित कर्कश होतो, डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. नायट्रोजन ऑक्साइडे मात्र वाढलेली असतात.

कुलर गळत असेल तर: बाहेर थेंबही न दिसता कुलंट कमी होत जाते, सायलेन्सरमधून पांढरा, गोडसर वासाचा धूर येतो. हे लक्षण सर्वांत गंभीर मानावे. कुलंट सिलिंडरमध्ये शिरल्यास इंजिन मोडू शकते. दक्षिण कोरियात २०१८ साली बीएमडब्ल्यूच्या डिझेल गाड्यांना लागलेल्या आगींच्या मुळाशी ईजीआर कुलरची गळतीच असल्याचे तपासात निष्पन्न झाले होते. कुलंट सतत कमी होत असेल तर नुसती भर घालत राहू नये. गाडी ताबडतोब दाखवावी.

आधी निदान, मग खर्च

स्कॅनर लावल्यावर मिळणारे कोड दिशा दाखवतात. पी०४०१ म्हणजे ईजीआरचा प्रवाह अपुरा, पी०४०२ म्हणजे प्रवाह जास्त, पी०४०३ म्हणजे विद्युत नियंत्रणात दोष, पी०४०४ म्हणजे व्हॉल्व्हची हालचाल अपेक्षेबाहेर. परंतु कोड म्हणजे निकाल नव्हे. प्रवाह अपुरा असण्याचे कारण व्हॉल्व्ह असू शकतो, तसेच तुंबलेली नळी, तडकलेला व्हॅक्युम पाइप किंवा मळलेला सेन्सरही असू शकतो.

गाडी ओढत नसल्यास पुढील गोष्टी आधी पाहाव्यात: एअर फिल्टर, हवेचे माप घेणारा सेन्सर, इंटरकूलरच्या नळ्या, व्हॅक्युम पाइप, विद्युत जोडण्या आणि टर्बोची हालचाल. यांतील बहुतेक तपासण्या स्वस्त आहेत. नवा व्हॉल्व्ह मात्र महाग पडतो. मेकॅनिकने स्कॅनरवरून व्हॉल्व्ह उघडझाप करून दाखवला आणि अपेक्षित व प्रत्यक्ष स्थितीतील फरक समजावला, तरच तो बदलण्यास होकार द्यावा. गाडी वॉरंटीत असल्यास स्वतः काहीही न उघडता अधिकृत सेवाकेंद्र गाठावे.

सफाई कशी व्हावी?

यांत्रिक दोष नसेल आणि केवळ काजळीने व्हॉल्व्ह अडकला असेल, तर सफाईने काम भागते. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर बॅटरीची ऋण तार काढावी. व्हॉल्व्ह कुलरला जोडलेला असल्यास आधी कुलंट काढून घ्यावे लागते. व्हॉल्व्ह खोलून बाहेर काढावा. साफ करणारे द्रावण फक्त वायू वाहतो त्या धातूच्या भागावर वापरावे. विद्युत मोटर आणि सेन्सरच्या भागात ते जाऊ देऊ नये. पाते जोर लावून फिरवू नये, कारण आतील प्लॅस्टिकचे दाते तुटतात. जोडताना गॅस्केट नवे घालावे. अनेक गाड्यांत त्यानंतर स्कॅनरच्या साहाय्याने व्हॉल्व्हची मूळ स्थिती संगणकाला पुन्हा शिकवावी लागते. ही पायरी गाळली, तर साफ केलेला व्हॉल्व्हही बिघडल्यासारखाच वागतो.

सुरू इंजिनाच्या हवामार्गात फवारा मारून सफाई करण्याचा मोह टाळावा. सुटलेला कार्बनचा तुकडा इंजिनात जाऊ शकतो, आणि ज्वलनशील फवाऱ्यावर डिझेल इंजिन अनावर वेगही घेऊ शकते.

‘ईजीआर बंद करून टाका’ या सल्ल्याविषयी

सर्वांत अधिक कानी पडणारा सल्ला हाच असतो. नळीच्या तोंडाशी पत्र्याची चकती बसवायची, किंवा संगणकाच्या प्रणालीत फेरफार करून ईजीआर कायमचे मिटवायचे. काजळी थांबते, पिकअप सुधारल्यासारखा वाटतो, धूरही कमी दिसतो. मालक समाधानी होतो.

येथेच खरी फसगत आहे. डिझेल गाडीच्या पीयूसी तपासणीत धुराची घनता मोजली जाते. नायट्रोजन ऑक्साइडे मोजली जात नाहीत. म्हणून वाट बुजवलेली गाडी प्रमाणपत्र सहज मिळवते, कदाचित पूर्वीपेक्षा अधिक सहज. डोळ्यांना दिसणारा धूर घटतो आणि न दिसणारा वायू वाढतो. हाच न दिसणारा वायू लपवल्याबद्दल फोक्सवॅगनसारखी बलाढ्य कंपनी २०१५ साली जगभर अडचणीत आली, आणि भारतातही तिला तीन लाखांहून अधिक गाड्या परत बोलवाव्या लागल्या. कंपनीने केले तर जो घोटाळा ठरतो, तो गॅरेजात केला म्हणून दुरुस्ती ठरत नाही.

कायदाही याबाबत स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार परवानगीविना वाहनात बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. वायुप्रदूषणाच्या मानकांचा भंग करून गाडी चालवल्यास पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हींची तरतूद आहे. शिवाय बीएस-६ गाड्यांत ईजीआर, डीपीएफ आणि युरियाची प्रणाली एकमेकांवर अवलंबून असतात. एक दुवा तोडला की दिवे पेटतात, इंजिन मर्यादित ताकदीवर येऊ शकते आणि वॉरंटीवर पाणी सोडावे लागते.

काळजी कशी घ्यावी?

• आठवड्यातून एकदा तरी इंजिन पूर्ण तापवून, वाहतुकीचे नियम पाळून, अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर दोन ते अडीच हजार आरपीएमच्या आसपास एकसारखी गाडी चालवावी. याने नवा थर कमी साचतो. जुना घट्ट थर मात्र निघत नाही.

• कंपनीने सांगितलेल्याच दर्जाचे तेल वेळेवर बदलावे. डीपीएफ असलेल्या गाडीला कमी राख सोडणारे तेल लागते.

• धुळीच्या भागात एअर फिल्टर पुस्तिकेतील मुदतीआधीच तपासावा.

• उभ्या गाडीत इंजिन दीर्घकाळ सुरू ठेवू नये. गोव्यात पर्यटकांची वाट पाहत एसी लावून थांबणाऱ्या टॅक्सींना हे विशेषेकरून लागू पडते. किनारपट्टीच्या खाऱ्या, दमट हवेत विद्युत जोडण्यांवरील गंजही तपासत राहावा.

• रोजचा प्रवास चार-पाच किलोमीटरचाच असेल, तर पुढची गाडी डिझेलची घ्यावी का, याचा खरेदीपूर्वीच विचार करावा.

क्षयाने ग्रासलेले कुमार गंधर्व १९४८ साली देवासला आले, ते तेथील कोरडी हवा मानवेल म्हणून. त्याच देवासवरून आज मुंबई-आग्रा महामार्गाची अखंड वाहतूक जाते. ईजीआर साफ करण्यासाठी मेकॅनिकचा काही तासांचा वेळ लागतो. पत्र्याची चकती बसवायला फार तर अर्धा तास. वाचलेल्या वेळेची किंमत मात्र मालक भरत नाही. ती भरतो गाडीच्या मागे उभा असलेला दुचाकीस्वार, रस्त्याकडेचा दुकानदार आणि शाळेत जाणारे मूल.